फर्स्ट क्लासची फाईल आणि अकरा वाजता आलेला गेस्ट

फाईलमध्ये सगळं होतं. बी.कॉम. फर्स्ट क्लासची गुणपत्रिका, टॅलीचं सर्टिफिकेट, 15 वर्षांचा रहिवासी दाखला. (खासगी हॉटेलात हा दाखला कोण मागतो? पण सरकारी नोकरीसाठी मामलेदार कचेरीत खेपा घालून काढलेला, म्हटलं असू दे.) हरमलहून म्हापसा आणि तिथून कळंगुट, दोन बसमध्ये ती फाईल छातीशी धरून उभा होतो.

जागा फ्रंट ऑफिसची. मॅनेजरबाईंनी दोन पानं उलटली आणि फाईल मिटली.

"समज मी गेस्ट. रात्रभर प्रवास करून सकाळी अकराला आले. चेक-इन दोनला. बोल."

"मॅडम, चेक-इन दोनला आहे."

"ते बुकिंगवर लिहिलंय. माझी मुलगी रडतेय."

"आमच्या नियमाप्रमाणे..."

बाई हसल्या. "कळवतो," म्हणाल्या. कळवलं नाही.

त्या जागेवर बारावी झालेला एक मुलगा लागल्याचं पुढे कानावर आलं, तेव्हा मी घरी आदळआपट केली. गोड बोलणाऱ्यांचे दिवस आहेत म्हणालो. केंद्राने 2016 पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, आमच्या गोव्यातही कर्मचारी निवड आयोग संगणकावर परीक्षा घेतो. ते बरं, असं माझं मत होतं. अजूनही आहे. कारकुनाच्या जागेला मुलाखत म्हटली की आमच्या गावात पहिला प्रश्न 'कोणाची ओळख आहे?' हाच असतो.

मग मे महिना आला. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची घाई. आई दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात हरमलची मिरची घेऊन बसते, मी पोती उचलायला. एक बाई दर ऐकून फणकाऱ्याने निघाली. आई म्हणाली, "घे गो बाय, पळय तरी." (बघ तरी.) दर तिने काढलाच नाही. घरात माणसं किती, हुमणाला (माशांच्या कालवणाला) हवी की वर्षभर ठेवायला, मागच्या वर्षीची पावसात टिकली का, हेच विचारत राहिली. बसायला स्टूल दिलं. बाई पिशवी भरून गेली आणि दरात एक रुपया कमी झाला नाही. हे मी लहानपणापासून बघतोय. पण याला कोणी नोकरीच्या जाहिरातीत 'कम्युनिकेशन स्किल' म्हणतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं ते म्हणजे फाडफाड इंग्रजी.

दुसरी मुलाखत कांदोळीला. प्रश्न जवळजवळ तोच. मी आधी विचारलं, "मुलांनी काही खाल्लंय का?" सामान आत ठेवतो, पूलजवळच्या बाथरूममध्ये आंघोळ उरकून घ्या, हाऊसकीपिंगला विचारून बारा वाजता नक्की वेळ सांगतो, असं बोललो. इंग्रजी अडखळलंच. समोरच्या गृहस्थांनी मध्येच विचारलं, खोलीचा दर 7,500 च्या वर गेला तर जीएसटी किती? 18 टक्के. हे मात्र पाठ होतं. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं.

तिथे माझ्यासोबत असलेला मुलगा बोलण्यात माझ्या दसपट पुढे. चिडलेला माणूस काऊंटरवर आला की मी हळूच बाजूला होतो आणि तो पुढे होतो. पण परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म 24 तासांत भरायचा असतो, त्यात त्याने एकदा पासपोर्ट नंबरचे दोन आकडे उलटसुलट टाकले. तेव्हापासून तो फॉर्म माझ्याकडे, रात्रीचा हिशोबही माझ्याकडे.

पगार दोघांचा सारखाच आहे, हे मला पहिले दोन महिने खुपलं. आता पहाटे चारला हिशोब दीडशे रुपयांनी जुळत नाही तेव्हा तो किचनमधून चहा घेऊन येतो, शेजारी बसून दिवसभरातल्या गेस्टच्या नकला करतो, आणि मी बिलं पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतो.