स्लॅपसाठी कुठला बेस घ्यावा? तुम्ही विचारलंत म्हणून

पणजीत, फोंड्यात, म्हापशात, जिथं कुणी नव्यानं बेस गिटारकडे वळतं तिथं हा प्रश्न ठरलेला: "स्लॅप वाजवायचाय, कुठला बेस घेऊ?" विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. पण दोन कंपन्यांच्या बेसमध्ये जेवढा फरक, त्याहून जास्त फरक एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत असतो. म्हणून नावाआधी बोटांना मिळणारी जागा बघा.

स्लॅप म्हणजे अंगठ्याच्या कडेचं हाड तारेवर आदळतं, तार शेवटच्या फ्रेटांवर (म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटते, आणि त्या धातूच्या टकरीतून तो 'टक्क' निघतो. त्याच्या जोडीला वाजणाऱ्या पॉपमध्ये तर्जनी तारेखाली घालून तार वर ओढायची आणि सोडायची. घुमट या आपल्या मातीच्या वाद्यावर थाप मारून हात तिथंच ठेवला तर नाद बसतो. अंगठ्याचंही तसंच, लागला की उठला पाहिजे. या दोन्ही हालचालींना मोकळीक लागते.

पहिली मोकळीक दोन तारांमधली. चार तारांच्या बऱ्याच बेसवर ब्रिजपाशी (तारा बेसच्या अंगावर जिथं टेकतात तिथं) हे अंतर 19 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि त्यात तर्जनी सहज जाते. पाच तारांच्या कित्येक बेसवर ते 17 पर्यंत उतरतं, आणि अंगठा शेजारच्या तारेलाही लागतो. शिकताना चार तारा पुरे.

दुसरी मोकळीक फिंगरबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीच्या, टोकानंतरची, आणि हिच्याकडे फार कमी लोक बघतात. 34 इंची स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) 20व्या फ्रेटपासून 24व्या फ्रेटपर्यंत जवळपास साडेपाच सेंटिमीटर जातात. 24 फ्रेटच्या बेसवर तेवढा फिंगरबोर्ड ब्रिजकडे सरकलेला असतो. तिथं तार ताठ लागते आणि ओढणारं बोट पिकअपवर (तारेचा कंप पकडणाऱ्या चुंबकी डबीवर) ठेचतं. म्हणून स्लॅपसाठी 20-21 फ्रेट बरे. वरचे सूर किती वेळा लागतात, ते स्वतःलाच विचारा.

पिकअपचं म्हणाल तर 1960 साली आलेल्या फेंडर जॅझ बेसची रचना, म्हणजे दोन सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याचे पिकअप), स्लॅपला फार जमते. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधले सूर थोडे दबतात, खालचा धक्का आणि वरची चमक पुढे येते. शिवाय सिंगल कॉइलमधून येणारी विजेची गुणगुण जवळजवळ थांबते. एकच पिकअप उघडा ठेवला तर ती परत येते, आणि लग्नाच्या मांडवात अर्थिंग कच्चं असेल तर चांगलीच जाणवते. 1976 चा म्युझिक मॅन स्टिंगरे हा दुसरा सरळ पर्याय: एक हंबकर (गुणगुण मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) आणि अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप, म्हणजे बेसमध्येच बसवलेलं, बॅटरीवर चालणारं आवाज वाढवणारं सर्किट. अ‍ॅक्टिव्ह बेस घेतलात तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. जॅकमध्ये केबल राहिली की 9 व्होल्टची बॅटरी उतरत राहते आणि भर कार्यक्रमात आवाज फाटतो.

आता सेटअप, म्हणजे नेकचा (गळ्याचा) बाक आणि तारांची उंची जुळवणं. माझ्या मते निम्म्याहून अधिक स्लॅप इथंच ठरतो. आधी नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा: 0.25 ते 0.3 मिलिमीटर. मग कॅपो काढून तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर सर्वांत बारीक 'जी' (G) तार दीड ते पावणेदोन मिलिमीटर, सर्वांत जाड 'ई' (E) तार दोनच्या जरा वर. त्याहून खाली गेलात तर पॉप केलेली तार दुसऱ्या फ्रेटांना अडून सूर मरतो. फार वर ठेवलीत तर अंगठा कितीही आपटा, टक्क येत नाही. पिकअप फार वर असेल तर तार त्यावर आदळून नुसता खटका येतो. तो थोडा खाली घ्या.

तारा राउंडवाउंड (गोल तारेचं वेष्टण असलेल्या) घ्या, जाडी 45-105 किंवा जरा हलक्या 40-100 (बारीक ते जाड तार, इंचाच्या हजारांशांत). आपल्या खाऱ्या, दमट हवेत निकेलपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या तारा जास्त दिवस चमक धरतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं खालून-वरून पुसा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. ब्रिजचे स्क्रूही गंजतात, त्यांच्याकडे लक्ष असू द्या.

दुकानात आधी अँपशिवाय वाजवा. 'जी' तारेवर चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर धरून ऐका. एखादा लवकर विझत असेल तर ती मेलेली जागा आहे, सेटअपनं ती सहसा जात नाही. मग पट्टा लावून उभे राहा. हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) खाली झुकत असेल तर डाव्या हाताला नेक उचलून धरावा लागेल, आणि तार मोकळेपणानं दाबायला तो हात उरणार नाही.

एसीतल्या दुकानातून घरी आणलेल्या बेसचा नेक दमट हवेत हलतो. दोन आठवडे घरी राहू द्या, मग सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट पुन्हा मोजा. वाढली असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवणारी सळई) घड्याळाच्या दिशेनं एक अष्टमांश फेरा फिरवा, तार सुरात लावा, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा.