दर नऊ सेकंदांनी लुकलुकणारा दिवा : घरातील बिले कमी करतानाचा माझा अनुभव

विजेचे बिल वाढत चालले आहे हे लक्षात आल्यावर मी सर्वप्रथम जे केले ते जवळजवळ निरुपयोगी होते. घरातल्या प्रत्येकाच्या मागे लागून मी दिवे बंद करायला लावले. महिनाभर ही कटकट चालली आणि पुढचे बिल होते तेवढेच आले. मग कागदावर हिशेब मांडला. एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालवण्याइतकी वीज. आमचे एलईडी दिवे ९ वॅटचे आहेत. त्यातला एक दिवा सलग १११ तास जळेल तेव्हा कुठे एक युनिट भरते. ज्या गोष्टीवरून मी घरच्यांशी वाद घातले, तिचा बिलातला वाटा नगण्य होता, आणि हे मला आधीच कळायला हवे होते, कारण त्यासाठी एका भागाकारापलीकडे काहीच लागत नाही.

त्यानंतर मी बिल पहिल्यांदाच नीट, ओळीओळीने वाचले. तोवर मी फक्त भरायची रक्कम आणि शेवटची तारीख पाहत असे. मागील तीन बिलांतले युनिटचे आकडे अगदी सारखे होते, आणि रीडिंगच्या रकान्यात प्रत्यक्ष आकड्याऐवजी ‘सरासरी’ असा शेरा होता. म्हणजे मीटर कोणी वाचलाच नव्हता. चौथ्या महिन्यात रीडिंग झाले तेव्हा साठलेली सगळी तफावत त्याच एका महिन्याच्या वापरात धरली गेली. दर टप्प्याटप्प्याने वाढणारे असल्यामुळे तिचा बराचसा भाग वरच्या, महाग टप्प्यात गेला. मीटरचा फोटो आणि जुनी बिले जोडून मी लेखी अर्ज दिला, दोन वेळा पाठपुरावा केला, आणि तो वापर चारही महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करून मिळाले. हा पैसा मी वाचवला असे म्हणता येणार नाही. तो मुळात द्यायचाच नव्हता.

खरी शोधाशोध त्यानंतर सुरू झाली. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटमागे तो ३२०० वेळा लुकलुकतो, असे मीटरच्या तबकडीवरच छापलेले आहे. एका रात्री सगळे झोपल्यावर मी पंखे, दिवे, टीव्ही बंद केले आणि फ्रिजही तेवढ्यापुरता बंद ठेवला, कारण कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला तर मोजणी बिघडते. आता हा दिवा थांबेल अशी माझी अपेक्षा होती. तो दर नऊ सेकंदांनी लुकलुकत राहिला. नऊ सेकंदांनी एकदा म्हणजे तासाला ४०० वेळा, म्हणजेच सुमारे १२५ वॅट. घरातले सगळे ‘बंद’ असताना चौदा एलईडी दिवे अखंड चालू ठेवण्याइतकी वीज कुठेतरी जात होती, आणि महिन्याला तिचे ९० युनिट होत होते.

हातात मोबाईलचे घड्याळ घेऊन मी एकेक एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाची वीज तोडणारा खटका, खाली करत गेलो. बाहेरच्या खोलीचा खटका पाडला तेव्हा नऊ सेकंदांचे अंतर वीसच्या पुढे गेले. त्या खटक्यावर इन्व्हर्टर होता. आम्ही त्याच्याकडे कधी ‘उपकरण’ म्हणून पाहिलेच नव्हते. कोपऱ्यात असणारी वस्तू, एवढीच त्याची ओळख. बॅटरीला हात लावून पाहिला तर ती चांगलीच कोमट होती. तंत्रज्ञाने येऊन पाहिल्यावर सांगितले की, बॅटरीतले पाणी पातळीच्या खाली गेले आहे, बॅटरी जुनी झाल्यामुळे ती पूर्ण चार्ज होतच नाही, आणि म्हणून चार्जर रात्रंदिवस वीज देत राहतो व ती उष्णतेत वाया जाते. उरलेला भार सेट-टॉप बॉक्स, रिमोटने बंद केलेला टीव्ही, राऊटर आणि संगणकाचे स्पीकर असा विखुरलेला होता. बॅटरी बदलली, राऊटर तेवढा चालू ठेवला आणि बाकीच्यांसाठी भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची सवय लावून घेतली. पुन्हा मोजणी केली तेव्हा दिवा ४५ सेकंदांनी एकदा लुकलुकला, म्हणजे भार २५ वॅटवर आला होता. बॅटरीचा खर्च मोठा होता हे मान्य करतो, पण ती तशीही वीज गेल्यावर अर्धा तास टिकत नव्हती.

दुसरा मोठा खर्च पाण्याच्या गिझरचा निघाला, आणि त्याचे गणित समजल्यावर बाकीचे आपोआप समजले. २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण एक युनिट लागते. आमचा गिझर २००० वॅटचा असल्यामुळे त्याला हे करायला अर्धा तास पुरतो. प्रत्यक्षात तो पहाटेपासून दुपारपर्यंत चालू असे. टाकीतले पाणी निवले की थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवी, आणि ज्या पाण्याला कोणी हात लावणार नव्हते तेही दिवसभर गरम राही. आता सर्वांच्या आंघोळी लागोपाठ होतात आणि तांबडा दिवा गेला की गिझर बंद केला जातो. या एका गोष्टीला घरातून सर्वांत जास्त विरोध झाला, कारण तिच्यामुळे उशिरा उठणाऱ्यांची सोय गेली.

पंखे बदलण्याचा विचार मी मोजून केला. जुने पंखे सुमारे ७५ वॅट घेतात, बीएलडीसी या कमी वीज घेणाऱ्या मोटरचे ३० वॅटच्या आसपास. जो पंखा दिवसाचे पंधरा-सोळा तास फिरतो तेवढाच बदलला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच आहे. गॅसच्या बाबतीत फार काही करावे लागले नाही: बर्नरची भोके साफ केली, भांड्यावर झाकण ठेवू लागलो आणि ज्वाळा बुडाबाहेर जाणार नाही एवढीच ठेवू लागलो.

पाण्याच्या बिलासाठी हीच रात्रीची युक्ती वापरली. झोपताना मीटरचा आकडा टिपला, रात्रभर कोणी नळ उघडला नाही, तरी सकाळी आकडा पुढे सरकलेला होता. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटे थांबलो. फ्लश न करताच रंग खालच्या भांड्यात उतरला. तळाचा रबरी वॉशर कडक झाला होता. मोरीतल्या ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडे ठेवले तर पाऊण लिटर पाणी जमले, म्हणजे महिन्याला सुमारे ५४० लिटर. आम्ही त्या थेंबांचा आवाज दोन वर्षे ऐकत होतो.

बिलातला एक भाग मात्र तसाच राहिला. स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो; आमच्याकडे तो मंजूर भारावर, म्हणजे जोडणीला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेण्याची मंजुरी आहे त्यावर, ठरतो. तो भार कमी करून घेण्याचा अर्ज मी दिला आहे, पण गिझर आणि इस्त्री एकत्र चालल्यास तो पुरेल का याची खात्री आधी करून घेतली. फ्रिजचे काम अर्धवट आहे. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढला तर तो सहज निसटू नये, म्हणून मी रबर बदलून घेतले; तरीही बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात कागद अजून सैल निघतो. दर रविवारी वहीत रीडिंग लिहिताना मी तो कोपरा एकदा तपासून पाहतो.