व्हिटॅमिन सी: नक्की कुठली गोळी घ्यायची?

मेडिकलमध्ये व्हिटॅमिन सी मागितलं की लिमसीची स्ट्रिप येते, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांची ट्यूब येते, वर लिपोसोमलची (म्हणजे चरबीच्या बारीक आवरणात भरलेल्या व्हिटॅमिन सीची) महागडी बाटलीपण, पण आईसाठी घेताना मी फसफसणारी सरळ बाजूला ठेवते कारण तिला बीपी आहे आणि त्यात सोडियम बऱ्यापैकी असतं. साध्या ॲस्कॉर्बिक ॲसिडने (म्हणजे साध्या व्हिटॅमिन सीने) पोटात जळजळत असेल तर कॅल्शियम ॲस्कॉर्बेट हा त्याचाच कमी आंबट प्रकार बघा, ते सौम्य पडतं. चघळायची गोळी घेतलीत तर नंतर चूळ भराच, आंबटाने दातांचं इनॅमल झिजतं! आणि खरं सांगू का, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने बायकांना दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरतं, एवढं तर एका पेरूत मिळून जातं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी १००० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लीज घेऊ नका.