तुम्ही विचारलंत म्हणून: यातला खरा धर्म कोणता?

"एवढे धर्म वाचलेत, मग यातला खरा कोणता?" हा प्रश्न बडोद्यात मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दांडिया बाजारात भाजी घेताना विचारला गेलाय, स्मशानातून परतलेल्या माणसानं दारात उभ्या उभ्याही विचारलाय. मी म्हणते, असं एका शब्दात सांगता येत नाही. समोरचा लगेच निकाल लावतो: म्हणजे सगळे सारखेच. नाहीतर: म्हणजे सगळे खोटे. या दोन्हींतलं काहीही मी म्हटलेलं नसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. ज्यांचा प्रश्न खरोखर अडलेला आहे, ज्यांच्या घरात परधर्मातलं लग्न ठरलंय किंवा तेराव्याला ऐकलेलं काहीच ज्यांना पटलेलं नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी "सगळे धर्म एकच सांगतात" हे बाजूला करू. हे बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि भांडण मिटवायला ते उपयोगी पडतं, हे मला मान्य आहे. पण ते खरं नाही. येशूला क्रुसावर मारलं, या घटनेवर ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे. कुराणाच्या चौथ्या सूरेतली 157वी आयत म्हणते की त्यांनी त्याला मारलं नाही, क्रुसावर चढवलं नाही, तसा भास झाला. दोन्ही एकाच वेळी घडलेलं असू शकत नाही. वेदान्त आत्मा सांगतो, बौद्ध म्हणतात टिकून राहणारा आत्मा सापडतच नाही, जैन अनंत जीव मानतात आणि प्रत्येक जीव देहाएवढा, मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. जग कुणीतरी निर्माण केलं असं यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान मानतात, जैन मानत नाहीत. वेदाला सर्वस्व मानणाऱ्या मीमांसकांनाही जगाच्या कर्त्याची गरज वाटली नाही. ही माणसं शतकानुशतकं एकमेकांशी जीव तोडून वाद घालत होती. ती सगळी एकच बोलत होती असं म्हणणं म्हणजे त्यांपैकी कुणाचंच न ऐकणं.

इथे कुणीतरी "एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति" म्हणतंच: सत्य एकच, जाणते ते अनेक प्रकारे सांगतात. ऋग्वेदातली ती ऋचा पूर्ण वाचा. तिथे इंद्र, मित्र, वरुण, अग्नी ही नावं आहेत. एका परंपरेतल्या देवतांबद्दलचं ते बोलणं आहे, मक्का आणि जेरुसलेमचा निवाडा त्यात नाही. गीतेच्या नवव्या अध्यायातला 23वा श्लोकही असाच अर्धा सांगितला जातो. दुसऱ्या देवतांना भजणारे मलाच भजतात, इथे लोक थांबतात. श्लोकाचा शेवटचा शब्द "अविधिपूर्वकम्" आहे: भजतात, पण विधी सोडून. सगळ्यांना पोटात घेणारं बोलणंसुद्धा शेवटी एक बाजू घेतं. आपल्याकडे जैन शेजारी पुष्कळ, त्यामुळे त्यांचा अनेकान्त हा सिद्धान्तही कानावर येतो, "सगळंच खरं" या अर्थानं. अनेकान्तातलं "स्यात्" म्हणजे "एका अंगानं पाहता". कुठल्या अंगानं ते सांगावं लागतं. सांगितलं नाही तर ते वाक्य जैन तर्कशास्त्रातही उभं राहत नाही.

मग पारखायचं कसं? याची रीत फार जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्याच गावातून जातो. शांतरक्षित हा नालंदेचा आठव्या शतकातला बौद्ध आचार्य. त्याच्या तत्त्वसंग्रहात 26 परीक्षा आहेत: ईश्वराची परीक्षा, आत्म्याची परीक्षा, श्रुतीची परीक्षा. हा बौद्ध ग्रंथ संस्कृतात टिकला तो जैन भांडारांनी पोथ्या जपल्या म्हणून, आणि छापला बडोद्यानं, 1926 साली, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. त्यात बुद्धाच्या तोंडचा एक श्लोक आहे:

तापाच्छेदाच्च निकषात् सुवर्णमिव पण्डितैः ।
परीक्ष्य भिक्षवो ग्राह्यं मद्वचो न तु गौरवात् ॥

तापवून, कापून, घासून जाणकार सोनं घेतात, तसं माझं बोलणं पारखून घ्या, माझ्या मोठेपणाकडे पाहून घेऊ नका. हा श्लोक भाषणात ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी घडियाळी पोळातल्या एखाद्या जुन्या सराफाकडे जरा वेळ बसावं. तीन क्रिया का सांगितल्या ते तिथे कळतं. काळ्या कसोटीवर दागिना घासला की पिवळी रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतात, 22 कॅरटची म्हणजे हजारात 916 भाग सोन्याची. दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब फिरवला की पितळेची रेघ विरघळून जाते, सोन्याची राहते. पण कसोटीला फक्त वरचा थर कळतो. मुलामा जाड असेल तर कसोटी फसते. आजचं क्ष-किरणांचं यंत्रसुद्धा वरच्या थरापुरतंच वाचतं. म्हणून कानशीनं खाच पाडून आत पाहायचं. आणि भट्टीत तापवलं की तांबं मिसळलेलं सोनं काळवंडतं, शुद्ध सोनं तसंच राहतं. प्रत्येक परीक्षेला काहीतरी निसटतं, ते दुसरीत सापडतं.

धर्माच्या बाबतीत पहिली चूक अशी होते की लोक अख्खा धर्म कसोटीवर घेतात. धर्मात हजारो विधानं असतात, काही खरी, काही खोटी, काही आपल्या आवाक्याबाहेरची. एक वाक्य घ्या. ते मानणारा माणूस "हो, हेच आम्ही म्हणतो" म्हणेल अशा शब्दांत लिहा. इथेच निम्मे वाद संपतात, कारण आपण ज्याला खोडत होतो ते तो म्हणतच नव्हता. मग ते वाक्य कुठल्या जातीचं आहे ते बघा. बौद्ध नैयायिक तीन जाती करतात: डोळ्यांना दिसणारं, अनुमानानं कळणारं आणि अत्यंत परोक्ष, म्हणजे या दोन्हींच्या पलीकडचं.

"या व्रतानं आजार बरा होतो" हे दिसणाऱ्यातलं. इथे ज्यांना गुण आला त्यांचे अनुभव जमवून भागत नाही. व्रत करून गुण न आलेले किती, व्रत न करता बरे झालेले किती, न झालेले किती, ही चारही घरं भरावी लागतात. "पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे" हे अनुमानातलं, आणि खडकांनी ते खोडलेलं आहे: साडेचार अब्ज वर्षं. "मेल्यावर न्याय होतो" हे परोक्ष. त्याला एवढंच विचारता येतं की तुझं बाकीचं बोलणं याच्याशी जुळतं का. जुळलं, तर ते वाक्य मोडलेलं नाही इतकंच सिद्ध होतं. लोक घसरतात ते नेमके इथे. मोडलं नाही म्हणजे खरं ठरलं, असं धरून चालतात. पुनर्जन्म आणि अखेरचा न्यायदिवस ही दोन्ही चित्रं आपापल्या घरात न मोडता उभी राहतात, आणि दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत.

हरिभद्रसूरी हा जैन आचार्यही आठव्या शतकातलाच. त्यानं हेच तीन शब्द धर्माला लावले आणि अधिक धारदार केले. कष म्हणजे शास्त्र काय करा आणि काय करू नका म्हणतं ते. छेद म्हणजे ते पाळणं शक्य व्हावं अशी रोजची वागणूक त्या धर्मानं घालून दिली आहे का. ताप म्हणजे त्याचं तत्त्वज्ञान असं आहे का की ज्यात बंध आणि मोक्ष यांना अर्थ राहील. यातला छेद मला फार वर्षं दुय्यम वाटत होता. आता वाटत नाही. कारण बडोद्यातली कमाठी बाग.

आंबेडकरांची ती हकिगत तुम्हाला माहीत आहे, पण पुष्कळांना ते बागेत ज्याखाली बसले ते झाड तेवढं माहीत आहे. 1917. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेले आंबेडकर शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून पारशी धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारशांना जागा, तेव्हा पारशी नाव लिहून राहिले, रोजचा दीड रुपया देऊन. वरच्या मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं. रात्री एक कंदील, त्याचा उजेड हातभरही पोचत नसे, आणि अंधारात वटवाघळं. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिन्यानं वर आले. तू कोण, पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली, धर्मशाळा बाटवलीस. संध्याकाळपर्यंत खाली कर. आंबेडकरांनी एका हिंदू मित्राला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. तो म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. नवरा-बायको दोघंही मूळच्या ब्राह्मण घरातली होती, आणि बायको अजून जुन्या विचारांची होती. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले. आठला उठले, टांगा करून सामान आणायला गेले, धर्मशाळेचा रखवालदार खाली आला, आणि दोघांनाही एकमेकांशी एक शब्द बोलता आला नाही. अठरा वर्षांनंतर हे लिहिताना काठ्या घेतलेली ती रांग अजून पुसली गेली नाही, असं त्यांनी म्हटलं आहे.

ही हकिगत अस्पृश्यतेची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मी ती परीक्षा म्हणूनही वाचते. सुविचार, सुवचन, सुकृती हे जरथुष्ट्री धर्माचं सार आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, ही ख्रिस्ताची आज्ञा. सर्वांभूती एकच आत्मा, हे आमच्या घरात रोजचं. घासून पाहा, तिन्ही रेघा पिवळ्याधमक. कापल्यावर आत तिन्हीकडे एकच धातू निघाला, जात. आणि तो एका दिवसात, एका माणसाच्या वाट्याला निघाला.

पूर्वीची मी यावर फटकन उत्तर द्यायचे: ही अनुयायांची परीक्षा झाली, धर्माची नाही. वैद्य पथ्य पाळत नसेल म्हणून औषध खोटं ठरत नाही. हे उत्तर मी पुष्कळांना दिलं, आणि ते तर्काला धरून आहे असं अजूनही वाटतं. पण त्यात दोन गोष्टी सुटत होत्या. एक, हरिभद्राचा छेद विचारतो की ती आज्ञा स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशी सोय धर्मानं कुठे केली होती. आज्ञा शुभ्र आणि चुलीजवळची माणसं तशीच, हे शतकानुशतकं चाललं, तर त्याला एखाद्या अनुयायाची चूक म्हणता येत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. "अमुक माणूस जन्मानं विटाळलेला आहे" हे वागणं नव्हे, विधान आहे. खरं किंवा खोटं ठरणारं, आणि परोक्ष तर मुळीच नाही. ते खोटं आहे. जो ग्रंथ ते सांगतो त्याची ती ओळ खोटी आहे, मग ग्रंथ कितीही पूज्य असो, माझा असो. आंबेडकरांनी धर्माला लावलेली समता-बंधुतेची कसोटी ही उपयोगाची कसोटी आहे, सत्याची नव्हे, असं मी वाद घालताना म्हणत असे. त्या कसोटीत सत्याचा केवढा भाग होता, हे मला उशिरा दिसलं.

तरी प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही. माणसाला माणूस मानणारा धर्म त्या एका विधानापुरता खरा ठरतो. त्याच धर्माचं मरणानंतरचं बोलणंही त्यामुळे खरं होतं का? मला होत नाही असं वाटतं. उलट बाजूही तितकीच खरी: एक ओळ खोटी निघाली म्हणून शेजारची ओळ आपोआप खोटी होत नाही. आणि घाईनं उत्तर मागणाऱ्यांना एवढं सांगते की बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात दीक्षा घेतली. मध्ये 21 वर्षं आहेत. तुम्ही मला चहा संपेपर्यंतचा वेळ देता.

आणखी एक, कारण हे मी रोज पाहते. आपले संत आणि त्यांचे दंगेखोर, अशी तुलना करू नका. आपला ग्रंथ भाष्यासकट आणि त्यांचा सुटी ओळ काढून, असं वाचू नका. सराफ दोन्ही रेघा एकाच दगडावर ओढतो, एकाच बाटलीतला तेजाब लावतो. "वाडीत जन्मलात म्हणून हिंदू, दोन गल्ल्या पलीकडे जन्मला असतात तर मुसलमान" हा युक्तिवादही जपून वापरा. एके काळी मला तो अखेरचा शब्द वाटायचा. त्यानं माझा आत्मविश्वास उतरतो, उतरायलाच हवा. विधान खरं की खोटं, याबद्दल तो काहीच सांगत नाही. पाढे मी घरीच शिकले म्हणून ते चुकीचे होत नाहीत.

तुकोबांनी "सत्यअसत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता" म्हटलं. बहुमत सोडणं मला जमलं. मनाची साक्ष मात्र मी निर्धास्तपणे घेऊ शकत नाही, कारण हा साक्षीदार माझ्याच घरात वाढलेला आहे.

तुमचा पुढचा प्रश्नही पाठ आहे: मग संध्याकाळी देवापुढे निरांजन कशाला लावता? लावते. त्या निरांजनामागे जी वाक्यं मला लहानपणी मिळाली, त्यातली जन्माच्या विटाळाची मी टाकली. मागितलं की मिळतं, हेही टाकलं, ती चार घरं भरून पाहिल्यावर. "ऐकणारं कुणीतरी आहे" हे एक उरलंय. ते डोळ्यांना दिसणारं नाही, आणि अनुमानानं मी ज्या ज्या वाटेनं गेले ती शांतरक्षितानं बाराशे वर्षांपूर्वीच अडवून ठेवलेली आहे. त्याची ईश्वरपरीक्षा मी कितीदा तरी वाचली, आणि ती मला खोडता आलेली नाही. ते वाक्यही अजून टाकता आलेलं नाही.