सेवा-अभिलेखातील पत्नीचे नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घेताना

मी १९९५ साली लष्करातून हवालदार या पदावरून निवृत्त झालो. त्या वेळी हाती आलेल्या डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, माझ्या पत्नीचे नाव माहेरचे होते, तेही आडनावाशिवाय आणि शेवटी 'बाई' जोडून, आणि जन्मसाल १९६२ नोंदलेले होते. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले सासरचे नावच तिने पुढे आयुष्यभर वापरले. रेशनकार्ड, मतदारयादी, आधार, बँकेचे पासबुक सगळीकडे तेच नाव, माझे नाव आणि आडनाव अशा क्रमाने आहे. जन्मसाल तर खरे १९५८ आहे. आमचे लग्न १९७९ सालचे आणि मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने पंधरावरून अठरा झाले ते १९७८ साली, म्हणजे सरकारी नोंद खरी मानली तर मी सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून कायदा मोडला, असाच अर्थ निघतो!

इतकी वर्षे ही तफावत कोणाच्या नजरेस आली नाही, कारण पेन्शन माझ्या नावाने बँकेत जमा होत होते आणि पत्नीचे नाव विचारण्याचा प्रसंगच येत नव्हता. पेन्शन बँकेकडून 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर वर्ग झाले, तपशील पडताळून पाहण्याची वेळ आली, तेव्हा जुन्या पीपीओतील नाव पडद्यावर जसेच्या तसे उमटले. हयातीचा दाखला माझा असल्यामुळे माझे पेन्शन थांबणार नव्हते. प्रश्न माझ्यानंतरचा होता. आमच्या शेजारच्या वाडीतील एका दिवंगत सैनिकाच्या पत्नीला कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी अर्ज करताना, कागदावरची बाई आपणच आहोत हे सिद्ध करावे लागले, आणि ते सांगायला नवरा हयात नव्हता. शिवाय कौटुंबिक निवृत्तिवेतनात वयाच्या ऐंशीव्या वर्षी २० टक्के वाढ मिळते, पुढे पंच्याऐंशीव्या वर्षी ती ३० टक्के होते, आणि हे वय धरले जाते ते नोंदीतील जन्मतारखेवरून. चार वर्षे उशिरा जन्मलेली दाखवल्याने तिची ही वाढही चार वर्षे लांबली असती.

सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. त्यांनी माझी फाईल चाळून पाहिली आणि म्हणाले, "हवालदारसाहेब, रेकॉर्ड ऑफिसला आत्ताच काही लिहू नका. आधी वहिनींचे सिव्हिलचे सगळे कागद एका अक्षराने जुळवून घ्या." हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो, कारण रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांचे सेवा-अभिलेख ठेवणारे लष्करी कार्यालय, आपल्या मनाने काही ठरवत नाही, आपण पाठवलेले कागद एकमेकांशी जुळले तरच ते आपली नोंद त्यांच्याशी जुळवते. आधारवर आडनावात इंग्रजी डब्ल्यू आणि पॅनकार्डावर व्ही असेल, तर पुन्हा आक्षेप येणार हे ठरलेलेच. त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली की, सैनिकाची स्वतःची भरतीच्या वेळची जन्मतारीख बदलून मागण्याच्या फंदात पडू नये. पत्नी आणि मुलांच्या नोंदींची गोष्ट वेगळी असते.

जन्मतारखेचा पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. पत्नीचे माहेर मालवण तालुक्यात. तिची जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद झालेली असून तिचे दप्तर जवळच्या केंद्रशाळेत ठेवलेले आहे. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून लाल फडक्यात बांधलेले जनरल रजिस्टर काढले. पावसाळ्यातील ओलाव्याने पाने एकमेकांना चिकटली होती आणि त्यांनी ती पट्टी सरकवून एकेक करून सोडवली. पत्नीच्या नावासमोर जन्मतारखेच्या रकान्यातील अंक फुगून शाईचा डाग झाला होता, परंतु त्या काळच्या गुरुजींनी तारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहिली होती, आणि अक्षरी 'अठ्ठावन्न' स्वच्छ वाचता येत होते. पत्नी शेजारी उभी होती. ती मला म्हणाली, "माझा नाव माका म्हायत आसा. तुमच्या मिलिटरीक ठावक नाय, तर माझो काय गुन्हो?" मुख्याध्यापक हसले आणि त्यांनी लगेच दाखला लिहायला घेतला. त्यात अर्थातच माहेरचे नाव होते, आणि पीपीओतील नावाशी ते जुळत होते, ही जमेची बाजू ठरली. माहेर आणि सासर यांना जोडणारा कागद म्हणून ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करून घेतली. १९९८ च्या कायद्यानुसार गावात ग्रामसेवकच, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, विवाह निबंधक असतो, आणि लग्नाला हजर असलेले साक्षीदार आमच्या वाडीत अजून हयात होते.

आधारवर तिचे फक्त जन्मसाल होते, तिथे पूर्ण तारीख घालून घेतली. आधारमधील जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते, त्यामुळे दाखला हातात आल्याशिवाय आधार केंद्राची पायरी चढू नये. पॅन आणि बँक ही कामे त्यानंतर विनासायास झाली.

प्रतिज्ञापत्र वकिलांकडून इंग्रजीत तयार करून घेतले. त्यातील गाभ्याचे वाक्य एकच होते: माहेरच्या नावाची आणि सासरच्या नावाची स्त्री ही एकच व्यक्ती असून ती माझी कायदेशीर पत्नी आहे. माझ्या कोरच्या, म्हणजे लष्करातील माझ्या शाखेच्या, रेकॉर्ड ऑफिसला ते प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेले हवे होते, नोटरीचे चालत नव्हते. त्यानंतर दोन वृत्तपत्रांत, एका मराठी आणि एका इंग्रजी, जाहीर निवेदन दिले. 'मी, माजी हवालदार अमुक, क्रमांक तमुक' अशा छोट्या चौकटी आपण रोज वाचल्याशिवाय पुढे जातो. त्यांची किंमत मला तेव्हा कळली. इंग्रजी वृत्तपत्र आमच्या गावात येत नाही, ते सावंतवाडीच्या स्टँडवर सकाळी मिळते. जाहिरातीची चौकट कापून जोडायची नसते. वृत्तपत्राचे नाव आणि तारीख दिसेल असे अख्खे पान जोडावे लागते.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसांचे अभिलेख बेळगावला आणि तोफखान्याच्या माणसांचे नाशिक रोड कॅम्पला, म्हणजे कोकणातून एका दिवसात गाठता येतील असे असतात. माझ्या कोरचे कार्यालय महाराष्ट्राबाहेर असल्याने सगळा व्यवहार स्पीड पोस्टनेच करावा लागला. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या शिफारसपत्रासह आणि त्यांनी साक्षांकित केलेल्या आम्हा दोघांच्या संयुक्त छायाचित्रासह अर्ज रवाना केला. प्रत्येक पानावर आणि फोटोच्या मागेही सेवा क्रमांक घातला, कारण नाव चुकीचे असले तरी तो क्रमांक कधी चुकत नाही आणि सुटलेले पान त्यावरूनच आपल्या फाईलीत परत जाते. काही आठवड्यांनी आक्षेपाचे पत्र आले: मराठी दाखल्याचा साक्षांकित इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद जोडावा. तो पाठवल्यावर दुसरे पत्र आले, की आधारच्या प्रतीवर पत्नीची सही नाही. दोन्ही मागण्या रास्त होत्या, पण त्या एकाच पत्रात करता आल्या असत्या, असे मला आजही वाटते.

खरी दुरुस्ती होते ती पार्ट टू ऑर्डर निघते तेव्हा. लग्न, मुलांचे जन्म, असे सैनिकाच्या कुटुंबातील सगळे बदल याच आदेशाने अभिलेखात चढतात, आणि निवृत्तीनंतर तो रेकॉर्ड ऑफिसच काढते. त्याची प्रत मिळेपर्यंत 'स्पर्श'वर तक्रारी नोंदवत बसण्यात काही हशील नसतो, कारण तिथला तपशील मुळातून येतो आणि मूळ न बदलता फांदी बदलत नाही. आदेश निघाल्यावर रेकॉर्ड ऑफिसने प्रकरण प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे पाठवले, ज्याला आम्ही जुनी माणसे अजून 'अलाहाबाद'च म्हणतो, आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ, म्हणजे कॉरिजेंडम, निघाला. गणपतीच्या आधी तो 'स्पर्श'च्या खात्यात दिसू लागला. त्यात पत्नीचे पूर्ण नाव आहे, आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरातील आहे.

पीपीओची छापील प्रत, पार्ट टू ऑर्डर आणि मूळ प्रतिज्ञापत्र हे तिन्ही कागद मी पत्नीच्या हाती दिले असून, ते कोणत्या पिशवीत आहेत हे मुलीलाही दाखवले आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर मात्र अजून जुनेच नाव आहे. त्यासाठी कॉरिजेंडमची प्रत जोडून पॉलिक्लिनिकमध्ये अर्ज दिला आहे, आणि नवे कार्ड येईपर्यंत औषधांसाठी जुनेच कार्ड चालेल असे तिथे सांगितले आहे.