डॅनिश शिकताना ‘सॉ’पाशी अडले तेव्हा

डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला राहायला आल्यावर डॅनिशच्या वर्गात नाव घालायला काहीच त्रास झाला नाही. सीपीआर क्रमांक, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, मिळाला, नगरपालिकेने भाषाशाळेकडे पाठवलं, तिथे बोलणं झालं आणि मला तिसऱ्या शाखेत, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या वेगवान अभ्यासक्रमात बसवलं. अंक, घड्याळ, ओळख करून देणं हे सगळं भराभर झालं. अडलं ते दोन वाक्यं जोडताना. त्या वेळी झालेली चिडचिड अजून पुरती गेलेली नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीची उभयान्वयी अव्ययं पाचच: ‘ऑ’ म्हणजे आणि, ‘मेन’ म्हणजे पण, ‘एलर’ म्हणजे किंवा, ‘फॉर’ म्हणजे कारण, आणि ‘सॉ’. पहिली तीन एका संध्याकाळीच येतात. डॅनिश वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं, पण ही अव्ययं जागा अडवत नाहीत. ती नुसती मध्ये उभी राहतात आणि त्यांच्यानंतर नवं वाक्य पहिल्यापासून सुरू होतं: कर्ता, मग क्रियापद. (उच्चार मी कानाला येतात तसे लिहितेय. ‘ऑ’ लिहिताना शेवटी ग असतो, तो बोलताना ऐकूच येत नाही.)

आता ‘सॉ’. वर्गात मिळालेल्या कागदावर त्याच्यापुढे इंग्रजीतला एकच शब्द होता, ‘सो’. बाकी काही नाही. घरी करायचा सराव संगणकावर. पाऊस पडतोय आणि मी घरी थांबते, ही वाक्यं जोडायची. उत्तर: ‘दे राइनर, सॉ याय ब्लीर येमे’. याय म्हणजे मी, ब्लीर म्हणजे थांबते. हिरवी खूण आली. पुढच्या धड्यात सुरुवातीला ‘वेस’ होतं, म्हणजे जर. शिकवल्याप्रमाणे पुन्हा ‘सॉ याय ब्लीर’ लिहिलं, तर लाल फुली. बरोबर उत्तर म्हणून पडद्यावर आलं ‘सॉ ब्लीर याय येमे’. तोच शब्द, तोच पाऊस, तेच घर, आणि क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढे. का, ते कुठेच लिहिलेलं नाही.

शिक्षिकेला विचारलं. त्या म्हणाल्या, ऐकत राहा, कानाला सवय होईल. शाळेला मेल लिहिला, तर उत्तर आलं की हा भाग पुढच्या मोड्यूलमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या पुढच्या टप्प्यात येणार आहे. मला याचा खरोखर संताप आला. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या मोठ्या माणसाला नियम दोन ओळींत सांगता येत असेल, तर तो सांगायलाच हवा. नागरिकत्वासाठी लागणारी ‘प्रोवे इ डान्स्क ३’ ही परीक्षा वर्षातून दोनदाच होते, मे-जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. तिथल्या लेखी पेपरात शब्दांचा क्रम बघतात. त्यामुळे एक मोड्यूल थांबा, हा सल्ला मला परवडणारा वाटला नाही.

मग मी वही काढली. बसमध्ये, दुकानात, ऑफिसच्या जेवणघरात ‘सॉ’ कानावर पडला की वाक्य टिपायचं आणि खाली मराठी लिहायचं, इंग्रजी नाही. हळूहळू खाली वेगवेगळे शब्द दिसायला लागले. जिथे मी ‘म्हणून’ लिहिलं होतं, तिथे कर्ता आधी: पाऊस पडतोय म्हणून मी घरी थांबते. जिथे ‘मग’ किंवा ‘तर’ लिहिलं होतं, तिथे क्रियापद आधी: आधी जेवते, मग घरी जाते, ‘सॉ गोर याय येम’. ‘जर… तर’चंही तेच, म्हणून तर लाल फुली आली होती. तिसरा प्रकार एका सहकाऱ्याच्या तोंडून मिळाला. लेकाला फोनवर सांगत होता, जाकीट घाल, ‘सॉ डू इगे फ्रूसर’. इथे मराठीत ‘म्हणजे’ येतं: जाकीट घाल, म्हणजे थंडी वाजणार नाही. आणि यात ‘इगे’, म्हणजे नाही, चक्क क्रियापदाच्या आधी बसलाय.

म्हणून, मग-तर, म्हणजे. इंग्रजीतल्या त्या एका ‘सो’ने जे झाकून टाकलं होतं, ते आपल्या भाषेत आधीपासून वेगवेगळं आहे. हे सापडलं तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. मराठी माणसाने डॅनिश इंग्रजीच्या खिडकीतून बघू नये, हे माझं ठाम मत तेव्हापासूनचं.

‘फॉर’ राहिलाच. इथे मात्र मराठी मदतीला येत नाही, कारण ‘फॉर’ आणि ‘फॉर्दी’ दोन्हींना आपण ‘कारण’च म्हणतो. इथे ‘इगे’ला विचारायचं. मला वेळ नाही: ‘फॉर याय हार इगे तिद्’, पण ‘फॉर्दी याय इगे हार तिद्’. सरावाच्या प्रत्येक वाक्यात ‘नाही’ घालून बघा. होकारार्थी वाक्यात दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे फरक कळतच नाही. आणि कुणी ‘का?’ विचारलं, तर उत्तर ‘फॉर्दी’ने सुरू करायचं, ‘फॉर’ने नाही.

स्वल्पविराम सांगायचा राहिला. ‘मेन’, ‘फॉर’ आणि ‘सॉ’ने दोन वाक्यं जोडली की आधी तो हवाच. ‘ऑ’च्या आधी तेव्हाच, जेव्हा पुढच्या वाक्याला स्वतःचा कर्ता असतो.

‘ऑ’ची एक गंमत आपल्याला लगेच कळेल. ‘याय सिदर ऑ लेसर’ म्हणजे शब्दशः मी बसते आणि वाचते, पण अर्थ ‘मी वाचत बसलेय’. उभं राहून वाट बघणं, पडून झोपणं, सगळं ते याच पद्धतीने सांगतात. क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा ‘अॅत’ हा शब्दही बोलताना ‘ऑ’सारखाच ऐकू येतो, आणि लिहिताना डॅनिश लोकांचीही या दोघांत गल्लत होते. शंका आली की वाक्य भूतकाळात न्या. दुसरं क्रियापदही भूतकाळात गेलं तर ‘ऑ’, जागचं हललं नाही तर ‘अॅत’.