भुईकोटवाल्याचा सिंहगड

सोलापुरात पळणाऱ्याला चढ म्हणजे उड्डाणपूल. किल्ला आहे, पण तोही भुईकोट. आतकरवाडीतून सिंहगडाच्या पायवाटेनं वर पळायचं, अशी शर्यत आहे म्हटल्यावर मी नाव दिलं ते निव्वळ गुर्मीत. पार्क स्टेडियमपाशी किलोमीटरला सहा मिनिटं लागतात, इथं अंतर जेमतेम पावणेतीन किलोमीटर! तेवढ्यात साधारण सहाशे मीटर चढायचं, हे वाचलं होतं. पण पोटऱ्यांना कोण सांगणार?

सुटताना पुढच्या घोळक्यात होतो. दहा मिनिटांत पोटऱ्यांचे दगड झाले. झाडाखाली कमरेवर हात ठेवून उभा होतो, तर साठीतले एक काका दोन्ही हात मांड्यांवर दाबत, बारकी पावलं टाकत बाजूनं गेले. पळत नव्हतेच. "थांबू नका, चाला," एवढंच म्हणाले. गडाच्या पुणे दरवाजापर्यंत पुन्हा दिसले नाहीत.

म्हणून जाणाऱ्यांना आधी हेच सांगतो, चढ चालायचा सराव करा. खड्या चढावर पळणारा फार पुढं जात नाही, दम मात्र आधी घालवून बसतो. मी आता रविवारी पहाटे तुळजापूरच्या घाटात जातो (ट्रक सांभाळून), एरवी अपार्टमेंटचे जिने. डांबरी रस्त्यावरचे बूट नेऊ नका; वरच्या टप्प्यात मुरमावर दोनदा घसरलो, गुडघा सोलला. खोल खाचांचा सोल हवा. रविवारी वाटेवर गडप्रेमींची रांग असते, ओरडून वाट मागावी लागते.

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोलापुराहून पुण्यात पोचेपर्यंत साडेदहा होतात, तोवर बक्षीससुद्धा वाटून झालेलं असतं. आदल्या दिवशीच जा, मुक्काम सिंहगड रस्त्याला बघा. परतीला संध्याकाळची हुतात्मा झकास. गडावरून उतरायला जीप मिळते, ती घ्या. मी हट्टानं पायी उतरलो आणि पुढं दोन दिवस घरचा जिना कठडा धरून, आडवा उतरत होतो.

वर पिठलं-भाकरी घेतली तर काका शेजारीच, मडक्यातलं दही खात. मी पिशवीतली शेंगाचटणीची पुडी पुढं केली. त्यांनी चिमूटभर दह्यावर टाकली, चाखली.

"सोलापूरचे होय? मग बरंच चढलात की!"